टेकडीवरचा लाल ठिपका

आमच्या हिला ऑफिसात सगळे चाळणी म्हणतात. तोंडावर 'बाई', पाठीमागे 'चाळणी'. हिला ते ठाऊक आहे आणि मनातून आवडतंही, पण कबूल करेल तर शपथ! एकतीस वर्षं ही कॅन्सर नोंदणीच्या कचेरीत बसली. शहरातल्या सगळ्या दवाखान्यांतून तिथे कागद येतात: बाई की पुरुष, वय किती, गाठ कुठे, पत्ता काय. हिचं काम पत्त्याचं. पत्ता वाचायचा, तो शहराच्या कुठल्या वस्तीत मोडतो ते बघायचं आणि त्या वस्तीचा नंबर कागदावर घालायचा. वस्त्या एकूण तीनशे बारा, आणि तीनशे बाराही हिला तोंडपाठ. नवीन माणूस भेटला की लोक नाव विचारतात, ही "कुठे राहता?" म्हणून विचारते आणि मनातल्या मनात नंबर घालून मोकळी होते.

'पाण्याच्या टाकीजवळ' एवढाच पत्ता लिहिलेला कागद आला, की फोन करून करून ही दवाखान्यातल्या माणसाच्या तोंडाला फेस आणायची. "टाक्या सात आहेत साहेब. कुठली टाकी?" घरीही तेच. मी जन्मभर लिफ्टा दुरुस्त केल्या, आता रिकामा आहे, जरा पाय मोकळे करून येतो. "कुठे गेला होतात?" "इथंच." संपलं! इथंच म्हणजे कुठे, डावीकडे की उजवीकडे, बँकेच्या अलीकडे की पलीकडे? चोराला पोलीस इतकं विचारत नसतील.

तर अशा या बाईनं नऊ वर्षांत आमच्या घरी कॅन्सरचे तेवीस पेशंट राहतात अशी नोंद केली. आणि आम्ही राहतो दोन खोल्यांत, दोघंच. कसं ते सांगतो, पण मधे बोलू नका.

आमची इमारत टेकडीवर. टेकडीवर अशा चार इमारती, सगळे खाऊन-पिऊन सुखी, आमच्यासारखे एखाद-दुसरे कसेबसे शिरलेले. पायथ्याशी मोठा दवाखाना, नवी कोरी मशीनं. हिचं माहेर मात्र गिरणीमागे. गिरणी कधीच बंद पडली, तिच्या मागच्या खोल्या तशाच राहिल्या. एका खोलीत सहा-सहा माणसं, बारा घरांत एक नळ. आता दवाखान्यांचा नियम असा, की ज्यानं त्यानं आपापल्या भागाच्या दवाखान्यात जायचं. गिरणीमागच्यांच्या वाट्याला जो आलाय तो दोन बस बदलून गाठावा लागतो, आणि तिथे तपासणीचा नंबर लागायला चार महिने. तोवर गाठ काय थांबते होय?

आक्काला, म्हणजे हिच्या थोरल्या बहिणीला, छातीत गाठ लागली. आई लवकर गेलेली, हिला आक्कानंच वाढवलेली. हिनं तिला सरळ टेकडीखालच्या दवाखान्यात आणलं. खिडकीतल्या माणसानं विचारलं, "पत्ता?" आक्का भाबडी, खरं सांगायला तोंड उघडणार, तेवढ्यात हिनं तिला कोपरानं ढोसलं आणि खणखणीत आवाजात आमचा पत्ता सांगितला. इमारत, मजला, खोली नंबर, पिनकोडसकट! मी शेजारी उभा राहून छताच्या पंख्याकडे बघत होतो. तीन पाती होती.

उशीर झालाच होता. डॉक्टर म्हणाले, सहा महिने आधी आणायला हवं होतं. आक्का दीड वर्ष काढून गेली. डॉक्टरांचं ते वाक्य हिच्या काळजात जे रुतलं ते रुतलं; आजही "सहा महिने" हा शब्द कुणी साध्या बोलण्यात काढला तरी ही उठून आत जाते.

पुढे आक्काचा कागद फिरत फिरत हिच्याच टेबलावर आला. पत्ता आमचा. मी म्हटलं, "अगं, निदान तुझ्या ऑफिसात तरी खरा नंबर घाल. गिरणीमागचा घाल." तर माझ्यावरच उखडली. "कागदावर आहे ते लिहायचं, आपल्याला ठाऊक आहे ते नाही. नियम आहे. माझ्या तोंडून लोक शिकलेत तो." आणि घातला टेकडीचा नंबर. लबाडीसुद्धा इतक्या इमानदारीनं करणारी बाई मी दुसरी पाहिली नाही.

मग आक्काची शेजारीण आली. मग त्या शेजारणीचा दीर, एक शिंपीण, एक गॅरेजवाला, गॅरेजवाल्याची सासू. गिरणीमागे बातमी पसरायला काय लागतं? "टेकडीवरच्या ताईंचा पत्ता सांगा, आत घेतात." ही कुणाला नाही म्हणाली नाही. उलट बसवून पाठ करून घ्यायची. "मजला कितवा? पुन्हा सांगा." आमच्या पत्रपेटीत दवाखान्याची पाकिटं यायला लागली, दर वेळी नवं नाव. पोस्टमननं एकदा मला जिन्यात गाठलं आणि अगदी हळूच विचारलं, "काका, खानावळ चालवता का?" मी म्हटलं, "पाहुणे असतात." नऊ वर्षांत तेवीस. त्यातले बारा गेले, अकरा आहेत. त्यांपैकी तिघी तर या गोष्टीच्या वेळेला अजून उपचारच घेत होत्या. ही पत्रं नेऊन पोचवायची आणि ऑफिसात बसून एकेकाला टेकडीचा नंबर घालायची. म्हणायची, "हजारो कागदांत तेवीस म्हणजे काय? मीठसुद्धा नाही."

इथेच घोड्यानं पेंड खाल्ली.

गेल्या वर्षी ऑफिसात एक आकडेवाला रुजू झाला. चाळिशीचा, सडपातळ, सज्जन, शर्टाची गुंडी कायम एक घर चुकलेली. दिवसभर नकाशे रंगवतो म्हणून हिनं त्याचं नाव रंगारी ठेवलं. शहराला एक नवं तपासणी केंद्र मिळणार होतं. गाठ लहान असतानाच सापडावी म्हणून, फुकट, नंबर न लावता. ते एकच मिळणार होतं आणि कुठे उघडायचं ते रंगारीच्या नकाशावर ठरणार होतं. ही खूश! घरी येऊन म्हणाली, "गिरणीमागेच येणार बघा. दुसरीकडे कुठे येईल?" आक्का गेल्यापासून मी हिला इतकी हलकी झालेली पाहिली नव्हती.

रंगारीची रीत मला हिनंच समजावली. आधी प्रत्येक वस्तीला हलाखीचे गुण द्यायचे. तो त्याला वंचितता म्हणतो. घरात नळ नाही, खोलीत माणसं जास्त, शाळा अर्धवट सुटलेली, कमावतं कुणी नाही, की गुण वाढले. मग वस्तीतल्या माणसांची वयं बघून नऊ वर्षांत किती केसेस यायला हव्या होत्या ते काढायचं आणि खरंच किती आल्या ते शेजारी मांडायचं. लहान वस्तीचा आकडा बेभरवशाचा, एखाद-दोन केसेस कमीजास्त झाल्या तरी उड्या मारतो. म्हणून त्याचं मॉडेल त्या आकड्याला आजूबाजूच्या वस्त्यांचा टेकू देतं. शेवटी जिथे केसेस अपेक्षेपेक्षा जास्त, तिथे लाल रंग. जितक्या जास्त, तितका गडद.

एके दिवशी ही संध्याकाळी घरी आली ती चपला न काढताच खुर्चीवर बसली. चेहरा पांढराफटक. मला वाटलं, चक्कर आली.

"अहो, नकाशा झाला."

"मग?"

"टेकडी लालभडक आहे. शहरात सगळ्यांत लाल. आणि गिरणीमागची वस्ती फिकट, दुधासारखी."

टेकडीवर नऊ वर्षांत पाच-सहा केसेस यायला हव्या होत्या. आल्या अठ्ठावीस. पाच खऱ्या आणि तेवीस आमच्या! रंगारीच्या तक्त्यावर जिकडे हलाखी जास्त तिकडे आजार जास्त, असे सगळे ठिपके शहाण्यासारखे रेघेला धरून बसलेले. आणि एक ठिपका, गुणांच्या मानानं सगळ्यांत सुखवस्तू, उडून वर पंख्याला चिकटलेला. शेजाऱ्यांचा टेकू देऊनही तो खाली येईना. उलट आमच्या नादानं शेजारच्या वस्त्याच गुलाबी झाल्या. आणि रंगारी? रंगारी आनंदानं नाचत होता. त्याला वाटलं, सुबत्तेतूनच होणारा काहीतरी नवीन प्रकार त्याच्या हाती लागला. परिषदेत वाचायला निबंध लिहायला घेतला होता पठ्ठ्यानं.

"केंद्र टेकडीवर येणार," ही म्हणाली. "आपल्या फाटकासमोर."

"सांगून टाक मग."

"काय सांगू? माझ्या नोकरीचे पाच महिने राहिलेत. ते जाऊ दे, मरू दे. पण त्या तिघींचं काय? पत्ता खोटा म्हणून दवाखान्यानं मधेच नाव काढलं तर? आणि नाही सांगितलं तर आक्कासारख्या आणखी किती..." मी चहा करतो म्हणालो आणि दूध उतू घालवलं.

त्या आठवड्यात आमच्या इमारतीला ऑफिसचं पत्र आलं: आपल्या परिसरात रोगाचं प्रमाण जास्त आढळल्यामुळे घरोघरी माहिती घेतली जाईल. झालं! चारही इमारतींच्या तोंडचं पाणी पळालं. सेक्रेटरीनं गच्चीवर सभा लावली. कुणी म्हणालं मोबाईलचा टॉवर, कुणी म्हणालं टाकीतलं पाणी, कुणी कबुतरं. मग आपल्यात नक्की कुणाकुणाला झाला, याची मोजणी सुरू झाली. कितीही मोजलं तरी पाचाच्या वर जाईनात! म्हणजे उरलेले तेवीस लपवतायत, असा निष्कर्ष निघाला. दुसऱ्या दिवसापासून जो तो दुसऱ्याकडे कळवळून बघायला लागला. तळमजल्यावरचे एक गृहस्थ नुकतेच हौसेनं बारीक झाले होते. त्यांच्या घरी तीन जणांनी संत्री नेऊन दिली. बिचारे रडकुंडीला आले.

तिथवर मी मूग गिळून गप्प होतो. पण सभेत सेक्रेटरी म्हणाला, "मला तर लिफ्टच्या ग्रीसचा संशय येतो."

माझं डोकंच फिरलं. "ग्रीस? तीस वर्षं त्या ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घातलेत मी! मला काय झालंय?"

"तेच तर आम्ही बघतोय," मागून कुणीतरी म्हणालं.

सगळे हसले. मी तोंड उघडलं होतं, सगळं भडाभडा सांगून टाकणार होतो, पण हिनं माझा शर्ट मागून असा खेचला की मी खुर्चीत बदकन बसलो. त्यानंतर दुसऱ्या मजल्यावरचा एक जण लिफ्टमध्ये नाक धरून शिरायचा. मीही मग जिन्यानंच जायला लागलो, निव्वळ रागानं.

आठवड्यानं रंगारी स्वतः फॉर्म घेऊन घरोघरी फिरायला लागला. आता गंमत बघा. त्याच्या मशीनमध्ये वस्तीचा नंबर असतो, घराचा पत्ता नसतो. रोग्याचं घर कुणालाही कळता कामा नये, अगदी त्यालाही, असा तिथला कडक नियम. त्यामुळे तेविसांचं घर शोधत तो बिचारा तेविसांच्याच घरी येऊन बसला आणि त्याला पत्ता नाही!

मी चहा दिला. त्यानं पेन उघडलं. "काका, घरात माणसं किती?"

"दोन," मी म्हणालो.

"पंचवीस," ही स्वयंपाकघरातून म्हणाली.

रंगारी हसला. त्याला थट्टा वाटली.

"हसू नका. पंचवीस लिहा." ही बाहेर आली आणि पाकिटांचा एक गठ्ठा तिनं टेबलावर ठेवला. परत गेली, दुसरा आणला. दवाखान्याची पाकिटं, नऊ वर्षांची, माणशी एक, पत्रं वाटून झाल्यावर जपून ठेवलेली, दोऱ्यानं बांधलेली. चाळणीच ती, कागद टाकेल कशी! "नावं वाचू नका, तेवढा नियम पाळा. फक्त मोजा. आणि आता ही खोली बघा, आणि ती बघा, आणि मला सांगा, ही माणसं झोपत कुठे असतील."

तो मोजायला लागला. सातव्या-आठव्या पाकिटाला त्याचं मोजणं हळू झालं. विसाव्याला त्यानं चष्मा काढला.

"सगळी गिरणीमागची?"

"सगळी."

"बाई!" त्याचा आवाज चढला. "माझे सहा महिने! मी निबंध लिहिला! तुम्ही, तुम्ही स्वतः नंबर घालत होता, रोज माझ्यासमोर बसून..."

"आणि माझी बहीण!" ही त्याच्यावर अशी कडाडली की मीच दचकलो. "तुमचे सहा महिने, आणि तिचे सहा महिने! त्या सहा महिन्यांत ती वाचली असती. तुम्हाला ठिपका वर गेलेला दिसला, त्याचं कौतुक. गिरणीमागे फिकट का, हे कुणी विचारलं? तिथली माणसं एकतर दवाखान्यात पोचत नाहीत, नाहीतर कुणाच्या तरी दारातून पोचतात. माझ्या दारात तेवीस. बाकीच्यांच्या मामा-मावश्यांच्या दारांत किती, ते बघा जाऊन!" आणि मग रडायलाच लागली, पदरानं डोळे पुसत, माफी मागत, परत चिडत.

रंगारीनं पाकिटांचे गठ्ठे पुन्हा दोऱ्यानं बांधले. मग त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला, तिथेच आमच्या टेबलावर, चहाचा कप बाजूला सरकवून. तेवीस टेकडीतून काढले, गिरणीमागे घातले. पंख्याला चिकटलेला ठिपका सरसर खाली आला आणि गुमान रेघेपाशी जाऊन बसला. टेकडी फिकी पडली. गिरणीमागची वस्ती आधी गुलाबी झाली, मग लाल, मग शहरात सगळ्यांत गडद. ही तोंडावर हात धरून बघत होती.

"त्या तिघींचं?" मी विचारलं. कुणीतरी विचारायला हवंच होतं.

तो म्हणाला, "नोंदणीतलं नोंदणीबाहेर जात नाही काका, दवाखान्याला तर नाहीच. आणि मला तर कायद्यानं हे घर माहीतच नाही. मी इथे आलोच नाही." मग कप पुढे करून, "चहा मात्र गार झाला. पुन्हा मिळेल का?"

नुसत्या हिच्या शब्दावर नकाशा बदलत नाही, ते बरोबरच आहे. हिनं ऑफिसच्या मोठ्या मॅडमना सगळं लेखी दिलं. मॅडमनी लेखी ताकीद दिली, ती हिनं तारीख घालून फाईलला लावली. मग ऑफिसातल्या माणसांनी शहरभरच्या वस्त्यांतले थोडे थोडे पेशंट निवडून, त्यांना भेटून, एकच प्रश्न विचारला. तो प्रश्न हिनंच सुचवलेला: "पत्र कुठे येतं ते नको. आजार कळायच्या आधीची दहा वर्षं झोपत कुठे होता?" महिन्याभरात कळलं, की हलाखीच्या वस्त्यांतला दर पाचवा माणूस दुसऱ्याच्या पत्त्यावर आजारी पडला होता. रंगारीनं निबंध फाडला आणि नवा लिहायला घेतला. केंद्र गिरणीमागे उघडायचं ठरलं. आमच्या सेक्रेटरीला कळलं तेव्हा तो म्हणाला, "हा अन्याय आहे! आम्ही काय घोडं मारलंय? आम्हाला का नाही?" आजार नको, पण केंद्र हवं! मी त्याला लिफ्टपर्यंत पोचवायला गेलो आणि सांगितलं, नाक धरा, ग्रीस आहे.

केंद्र उघडलं त्या दिवशी ही रजा टाकून गेली. पहिल्याच आठवड्यात तिथे सात गाठी सापडल्या, वाटाण्याएवढ्या, काढून टाकता येतील अशा. हे सांगताना ही हातानं एवढीशी, एवढीशी असं दाखवत होती.

मग जुन्या तेवीस नोंदी दुरुस्त करायचं फर्मान आलं. मॅडमनी काम हिच्याकडेच दिलं. शिक्षा म्हणून की मान म्हणून, देव जाणे. ही सकाळी गेली, संध्याकाळी आली.

"झाल्या सगळ्या?"

"बावीस झाल्या."

मला हसू आलं. एकतीस वर्षांत हिनं हातातला कागद उद्यावर टाकलेला नाही. "एक कुणाचा राहिला?" विचारलं आणि विचारता विचारताच जीभ चावली.

ही खिडकीपाशी उभी राहिली. "तिनं उभा जन्म गिरणीमागे काढला. इकडे सुई टोचून घ्यायला यायची आणि बसनं परत जायची. मी एकदासुद्धा म्हणाले नाही, आक्का, राहा चार दिवस. दोनच खोल्या, जागा कुठे आहे, म्हणायची मी. कागदावर तेवढी राहिली माझ्याकडे."

मीही तेच म्हणायचो, जागा कुठे आहे. तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

दुसऱ्या दिवशी ही नेहमीच्या वेळेला ऑफिसला गेली. संध्याकाळी आली, चपला काढल्या, हातपाय धुतले आणि म्हणाली, "आक्काला तिच्या घरी सोडून आले."